प्रतिक्रियेला उत्तर: एक्स८६ वर अलाइनमेंट पाहायची की नाही?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांचे घराणे) वर मूव्ह ही डेटा हलवणारी इन्स्ट्रक्शन मेमरीतल्या कुठल्याही पत्त्यावरून वाचते, आठ बाइटचे लोड (मेमरीतून वाचणे) एक बाइट सरकवून मोजले तरी वेळेत फरक दिसला नाही, आर्म प्रोसेसरवरही आता हे चालते, म्हणून ‘डेटा अलाइन करा’, म्हणजे तो आपल्या आकाराच्या पटीतल्या पत्त्यावर ठेवा, हा सल्ला कालबाह्य. मूव्हबद्दल तुमचे बरोबर आहे, लेखात मी अलाइनमेंटची सक्ती सरसकट लिहायला नको होती. निष्कर्ष मात्र पटत नाही.

आधी मोजमाप. कॅश लाइन, म्हणजे प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा, ६४ बाइटची. आठ-आठ बाइटने पुढे सरकताना सुरुवात एक बाइट चुकली असेल, तर आठांतला एकच लोड दोन लाइनींवर पडतो. बाकी सात एकाच लाइनीत मावतात, त्यांना जवळजवळ काहीच जादा लागत नाही, आणि तो एकटा सरासरीत झाकला जातो. हाच प्रयोग एव्हीएक्स या रुंद इन्स्ट्रक्शनांच्या ३२ बाइटच्या लोडने करा, दर दुसरा लोड दुभंगेल. ६४ बाइटचा असेल तर प्रत्येक. ४०९६ बाइटच्या पेजची (मेमरी वाटपाचा तुकडा) हद्द ओलांडणारा लोड आणखी महाग, आणि पुढचे पेज मॅप केलेले नसेल तर फॉल्टच.

मुळात सक्ती ठरते ती इन्स्ट्रक्शननुसार. एक्स८६ वरच १६ बाइट हलवणाऱ्या मूव्हयूपीएसला कुठलाही पत्ता चालतो, तितकेच हलवणाऱ्या मूव्हएपीएसला तो १६ च्या पटीतच लागतो. नसेल तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. लिनक्सवर तो सेगमेंटेशन फॉल्ट म्हणून दिसतो. पत्ता पाहावा तर वैध, त्यामुळे माणूस पॉइंटर तपासत बसतो.

सर्वांत जास्त फसगत स्टॅकवर होते. ६४-बिट लिनक्सच्या कॉलिंग कन्व्हेन्शननुसार (फंक्शन बोलावण्याचे नियम) कॉलच्या क्षणी आरएसपी, म्हणजे स्टॅकचा माथा दाखवणारे रजिस्टर, १६ च्या पटीत हवा. कॉल स्वतः आठ बाइटचा परतीचा पत्ता ढकलतो, म्हणजे तुमच्या फंक्शनमध्ये शिरतानाच आरएसपी आठने हललेला असतो. तिथून थेट प्रिंटएफ बोलावले तर कधी चालते, कधी कोसळते. आतल्या वाटेवर मूव्हएपीएस लागली की संपले. शिरल्यावर आरएसपीतून ८ वजा करा, परतण्याआधी ८ मिळवा. जीडीबी या डीबगरमध्ये कॉलवर थांबून आरएसपीचा शेवटचा हेक्स अंक बघा: ० हवा, ८ दिसला तर चोर सापडला.

आर्मचे म्हणाल तर कॉर्टेक्स-एम४ वर अलाइन नसलेल्या पत्त्यावरून एलडीआर (एक शब्द वाचणारी इन्स्ट्रक्शन) चालते, पण एकाहून जास्त शब्द वाचणाऱ्या एलडीएम आणि एलडीआरडी चालत नाहीत. कॉर्टेक्स-एम० वर कुठलीच नाही, थेट हार्डफॉल्ट. ते तरी बरे, निदान कळते. जुने आर्मव्ही५ बऱ्याचदा निमूटपणे चुकीचे उत्तर द्यायचे. समजा हेक्स पत्ता १००० पासून ११ २२ ३३ ४४ ५५ असे बाइट आहेत, लिटल एंडियन (सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी). १००१ वरून एलडीआर केली तर अपेक्षा ५५४४३३२२ ची, हाती येते ११४४३३२२. म्हणजे १००० वरचाच शब्द आठ बिट उजवीकडे फिरवलेला. पॅकेटमधले वेड्यावाकड्या पत्त्यावरचे फील्ड सगळीकडे नीट वाचायचे तर चार एलडीआरबी (एकेक बाइट वाचणाऱ्या) आणि शिफ्टसह तीन ओआरआर (ते बाइट जोडणाऱ्या). दिसायला गावठी, पण खात्रीचे.

राहिला एक्स८६ चा लॉक प्रीफिक्स, म्हणजे इन्स्ट्रक्शन मध्ये दुसरा कोअर न येता अखंड पार पाडायला लावणारा. अशी इन्स्ट्रक्शन दोन लाइनींवर पडली तर अख्खी बस लॉक होते आणि इतर कोअरही ताटकळतात. एका थ्रेडच्या चाचणीत इतरांचे हे ताटकळणे दिसणारच नाही.