हॉटेलातल्या पोट्ट्यांना निष्ठा नाही, हे खोटं आहे

नागपुरातल्या हॉटेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर हिवाळ्यात एक मजकूर फिरतो : "आजकालच्या पोट्ट्यांना निष्ठा नाही. पगार वाढवा, तरी पळतात. जुना टिकतो तोच आपला. बाकीच्यांना दंडाशिवाय शिस्त लागत नाही." वर्धा रोडवरच्या हॉटेलांत ११ वर्षं आधी स्टुअर्ड म्हणजे वाढपी, मग कॅप्टन म्हणजे वाढप्यांचा प्रमुख म्हणून काढल्यावर हे वाचून गप्प बसवत नाही.

पगारवाढीनंतरही माणसं जातात, हे खरं. १९५९ मध्येच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी मांडलं होतं, की तुटपुंज्या पगारानं माणूस नाराज होतो. पगार सुधारला की नाराजी ओसरते, उमेद मात्र कामातून, कौतुकातून, जबाबदारीतून येते. मे महिन्यात, ४५ अंशांत, दुपारी ३ ला ब्रेक देऊन ७ ला परत बोलावलेला पोरगा कामठीला घरी जाऊन येईल कधी? हजार रुपये वाढवले म्हणून ते चार तास त्याचे होत नाहीत. अधिवेशन आलं की सुट्ट्याही रद्द. २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा जादा तासांना दुप्पट वेतन सांगतो. ते बुडवणाऱ्यानं निष्ठेवर बोलावं, याचा मला राग येतो.

"जुना टिकतो तोच आपला" ही तर मोठीच चूक. मनापासून राहणारा वेगळा आणि सोडणं परवडत नाही म्हणून राहणारा वेगळा. १९८९ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन मेयर आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या खाद्यसेवा कंपनीतल्या कनिष्ठ व्यवस्थापकांचं काम तपासलं. जीव लावून राहिलेल्यांचं काम सरस निघालं. नाइलाजाची बांधिलकी जितकी जास्त, तितकं काम उणं. आपल्याकडे बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली उचल फिटेपर्यंत माणूस हलत नाही, आणि मालक त्यालाच निष्ठा समजतात.

आता दंड. मी होतो त्या एका हॉटेलात ग्लास फुटला की पगारातून कापत. म्हणून काठाचा टवका उडालेला ग्लास कुणी दाखवत नसे. रॅकमध्ये मागे सरकवायचा. एका डिसेंबरात हॉल गच्च भरला, मागचे ग्लास बाहेर निघाले आणि एका पाहुण्याचा ओठ कापला. तो ग्लास मागे ठेवणारा आमचा सहा वर्षांचा जुना, सगळ्यात नीटस स्टुअर्ड होता. त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढे आलेल्या मॅनेजरनं पगारातली कपात बंद केली. पँट्रीत एक टोपली ठेवली आणि सांगितलं, टवकलेलं यात टाका, नाव विचारणार नाही. पहिल्याच आठवड्यात टोपली दोनदा भरली. त्यातले बरेच ग्लास कितीतरी महिने टेबलांवर जात होते.