खुलासा: ब्राउझरचं चिन्ह दिसतं म्हणून पीडीएफ बिघडलेली नसते

‘पीडीएफवर ब्राउझरचं चिन्ह दिसलं तर व्हायरस आहे, नावातलं .पीडीएफ खोडून .डॉक्स करा, वर्डची फाइल होते’ हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. यातली एकही गोष्ट खरी नाही.

चिन्ह एवढंच सांगतं की त्या प्रकारच्या फाइल्स उघडायचं काम विंडोजने सध्या कोणाकडे दिलंय. विंडोज 10 आणि 11 मध्ये मुळातच ते काम एज ब्राउझरकडे असतं. फाइलच्या आत काहीही बदललेलं नसतं.

नाव बदलून प्रकारही बदलत नाही. मी नाव बदललेली पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरं तशीच होती. खऱ्या डॉक्स फाइलची सुरुवात ‘पीके’ने होते, कारण ती आतून झिप, म्हणजे अनेक फाइल्स एकत्र दाबून बांधलेली फाइल असते. वर्डने अर्थातच नकार दिला.

ज्यांनी नावं बदलली त्यांनी घाबरू नका, नावाच्या शेवटी .डॉक्सच्या जागी पुन्हा .पीडीएफ लावा. दुसरं ॲप हवं असेल तर फाइलवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर ॲप’, मग ‘ऑलवेज’.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.