ब्रॉवर्डच्या शाळांमधील गुणवंत वर्गांच्या निकषांबाबत खुलासा

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड काउंटीने गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांशी मूळ जोडलेल्या घरांतल्या) मुलांना गुणवंत वर्गांत घेण्यासाठी प्रवेशाचे निकष खाली आणले, हा समाजमाध्यमांवर फिरणारा दावा चुकीचा आहे. २००५ साली बदलला तो निकष नव्हे, तर मूल चाचणीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग. तोवर प्रामुख्याने पालकांनी किंवा शिक्षकांनी नाव सुचवले तरच बुद्धिमापन होत असे, आणि अशी मागणी करता येते हेच ज्या घरांना ठाऊक नव्हते, तिथली हुशार मुले दाराबाहेरच राहत. त्यानंतर दुसरीच्या सरसकट सर्व मुलांना आकृत्यांची चाचणी देण्यात येऊ लागली. तीत नक्षीतला गाळलेला तुकडा ओळखायचा असल्याने इंग्रजी कच्चे असलेले मूलही अडत नसे. गरीब घरांतल्या व इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना १३० ऐवजी ११५ बुद्ध्यंकाची सवलत होती हे खरे, परंतु ती आधीपासूनचीच. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांच्या २०१६ च्या अभ्यासातही, किमान निकष तेच असताना गुणवंत वर्गांतील गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे नोंदवले आहे. खरी खंत वाटावी ती वेगळ्याच गोष्टीची: पुढे मंदीच्या काळात निधीअभावी ही सरसकट चाचणी बंद पडली आणि जुनी तफावत परत आली.