एक लेख, सात दिवाळ्या

जून-जुलैत संपादकांचे फोन सुरू झाले की नवा विषय शोधत हिंडणाऱ्या लेखकांची मला दया येते. अहो, १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी तीच आहे. लेख कशाला नवा हवा?

विषय असा घ्या, ज्याला तारीख चिकटत नाही. पाऊस. आजीच्या हातचा फराळ. ‘वाचनसंस्कृती लोप पावते आहे का?’ हा तर पिढीजात धंदा. ती पूर्ण लोप पावेपर्यंत तुम्हाला मरण नाही. मागण्यांवर मात्र लिहू नका. मागणी कधीतरी मान्य होते. ‘मराठीला अभिजात दर्जा कधी?’ हा लेख किती वर्षं सुखाने नांदत होता! ३ ऑक्टोबर २०२४ला, दिवाळी चार आठवड्यांवर आलेली असताना, केंद्रीय मंत्रिमंडळाने दर्जा देऊन टाकला. घरंच बसली काहींची.

शीर्षक दर वर्षी बदला. ‘हरवलेलं अंगण’, ‘अंगण हरवताना’, ‘अंगणात हरवलेला मी’.

साल, भाव, आकडे लिहू नका. ‘पूर्वी’ आणि ‘हल्ली’ या दोन शब्दांवर दोन हजार शब्द निघतात. आणि पाठवण्याआधी लेख एकदा, देवाशपथ एकदाच, स्वतः वाचा. मी मुद्रितशोधनाची कामं घेते, म्हणून सांगते. परवा रात्री साडेअकराला एका मोठ्या लेखकाचा ‘खास आमच्या वाचकांसाठी’ लिहिलेला लेख आला. जुन्या फॉन्टमधली फाईल, युनिकोडमध्ये आणताना सगळी जोडाक्षरं फुटलेली. ती जोडत तिसऱ्या परिच्छेदापर्यंत आले, तर ‘नुकत्याच झालेल्या नोटाबंदीमुळे’. नुकत्याच! नोटाबंदी २०१६ची. तिच्या पोटी जन्मलेली दोन हजारांची नोटसुद्धा २०२३मध्ये चलनातून काढून घेतली. खाली ‘माझी नात यंदा पहिलीत गेली’. मग आठवलं, ही नात माझ्या ओळखीची आहे. वेगवेगळ्या अंकांसाठी हाच लेख मी आधी दोनदा तपासलाय. ‘आशिर्वाद’चा ‘आशीर्वाद’ तिसऱ्यांदा केला. मी दुरुस्त केलेली प्रत तरी जपून ठेवायची ना! तेवढेही कष्ट नाहीत?

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, नाव चालतं. नोटाबंदीचं वाक्य तेवढं काढून टाका.” काढलं. मला पानामागे पैसे मिळतात.

लेख पुन्हा विकायला माझी ना नाही. लेख तुमचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी हस्तांतरण केल्याशिवाय स्वतंत्र लेखकाचा हक्क जात नाही, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरली जाते. खुशाल विका, दहा ठिकाणी विका. पण संपादकाला आधी सांगा, आणि लेखाखाली ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून एक ओळ टाका. एक ओळ! ती टाकायला लाज वाटते, आणि ‘खास’ लिहायला वाटत नाही? तुमच्या त्या आठ पानांपायी एका नव्या मुलीचा लेख ‘जागेअभावी’ परत गेला. ती ऊसतोडीच्या फडावर राहून लिहून आली होती. छापला असता तरी तिला ‘अंकाची प्रत हेच मानधन’ म्हणून सांगितलं असतं, ते वेगळंच.

आणि त्या नातीला आता पहिलीतून वर काढा. दहावीला बसायचं वय झालं तिचं.