आधी जुनी पावतीपुस्तकं उघडा

देणग्या मिळवायच्या तर विद्यापीठांनी श्रीमंतांच्या याद्या चाळून त्यातले आपले माजी विद्यार्थी हेरावेत, असं एका लेखात म्हटलंय. हे काम मी सहा वर्षं केलंय (पुण्यातल्या एका संस्थेत, नाव राहू द्या). यादी करणं हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे हो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्यांची नावं दर तिमाहीला जाहीर होतात, संचालकपदं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडतात. ऐपत कळली. द्यायची इच्छा कुठून कळणार?

आम्हाला ती दिसली जुन्या पावतीपुस्तकांत. एक गृहस्थ दर जूनमध्ये न चुकता अडीच हजार पाठवायचे, सोबतच्या चिठ्ठीत वसतिगृहाच्या मेसची चौकशी. त्यांना कुणी आभाराचं साधं पत्रही धाडलेलं नव्हतं. आम्ही आपले एका बड्या उद्योजकाच्या मागे दोन वर्षं! साहेब आमच्याकडून पहिल्याच वर्षी कॉलेज बदलून गेले होते, हे प्रवेशाच्या रजिस्टरात पाच मिनिटांत दिसलं असतं.

इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन नीलेकणींचे देणगीचे ३१५ कोटी सगळ्यांना आठवतात. ते आले २०२३ मध्ये, आयआयटी मुंबईत प्रवेश घेतल्याला ५० वर्षं होताना. त्याआधी ८५ कोटी देऊन झाले होते, सुरुवातीच्या पैशांतून वसतिगृहंही सुधारली होती आणि मधली कित्येक वर्षं नीलेकणी संस्थेच्या नियामक मंडळावरही होते. त्या लेखात यातलं फक्त ३१५ आलंय.