एस-क्लास रात्रीतून बसते? ‘स्प्रिंग टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा पुढचा कोपरा पार टायरवर उतरलेला दिसतो, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या मर्सिडीज एस-क्लासवाल्यांना हमखास एक फॉरवर्ड येतो: गाडी बसली म्हणजे स्ट्रट (चाकावर गाडी तोलणारा, हवेचा फुगा असलेला शॉक) गेला, सगळे स्ट्रट सारखेच, भंगारात ओरिजिनल मिळाला तर सोडू नका, कुठलाही मेकॅनिक बसवेल, आणि कटकट कायमची मिटवायची तर एअर सस्पेन्शन काढून कॉइल स्प्रिंग टाका. या सल्ल्यापायी चांगल्या गाड्यांची वाट लागते. इथे डब्ल्यू २२०, म्हणजे १९९८ ते २००५ची एस-क्लास, समोर धरली आहे.

‘बसली म्हणजे स्ट्रट गेला.’ बऱ्याचदा जातो, पण हवा चार ठिकाणांहून निघू शकते: स्ट्रटमधला रबरी फुगा, स्ट्रटच्या डोक्यावरचं फिटिंग, पाइप आणि चाकांना हवा वाटणारा वॉल्व्ह ब्लॉक. गाडी पूर्ण उंचीवर आणा, भांडी घासायच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरा आणि आधी बॉनेटखालच्या फिटिंगवर मारा. तिथे बारीक फेस वाढत गेला, तर पाइपचं टोक ब्लेडने सरळ कापून नवीन फिटिंग लावलं की काम झालं. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून खालच्या डस्ट कव्हरजवळ मारा. बुडबुडे तिथून आले, तर आतला फुगा घडीवर फाटला आहे. तेव्हा स्ट्रट बदलावाच लागतो.

‘सगळे सारखेच.’ अजिबात नाही. रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा पुढचा स्ट्रट ए २२० ३२० २४ ३८ या नंबरचा. फोरमॅटिकचा, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या गाडीचा, वेगळा, आणि त्यात डावा-उजवाही वेगळा. गाडीत एबीसी हे दुसऱ्या प्रकारचं सस्पेन्शन असेल तर तिथे हवा नाहीच, हायड्रॉलिक तेल आहे. एअरमॅटिकचा, म्हणजे हवेवरच्या सस्पेन्शनचा, स्ट्रट तिथे चालत नाही. ऑर्डर चॅसी नंबरवरूनच द्या आणि डॅम्पिंगच्या (शॉकचा कडकपणा बदलणाऱ्या) वायरचा कनेक्टर जुन्याशी जुळवून बघा.

‘भंगारातला ओरिजिनल.’ कुर्ल्याच्या भंगार बाजारातल्या रॅकवरचा स्ट्रट कितीही कमी चाललेल्या गाडीचा असला, तरी रबर किलोमीटरवर नाही, वर्षांवर म्हातारं होतं. त्यात तो हवेविना, घडी पडून राहिलेला. हवा भरली की भेग त्याच घडीवर जाते. रिबिल्ट, म्हणजे दुरुस्त करून विकलेला, घ्यायला हरकत नाही, पण विचारा: फक्त फुगा नवा, की आतला शॉकही तपासला? नुसता फुगा बदललेला स्ट्रट हवा धरतो, पण खड्ड्यात गाडी दणके देतच राहते. बजेट असेल तर बिलस्टाईन कंपनीचा नवा; नसेल तर नव्या फुग्याचा, लेखी वॉरंटीचा रिबिल्ट.

जोडी बदलायची का? दुसऱ्या बाजूचाही मूळचाच असेल तर हो.

‘स्प्रिंग टाका, कटकट मिटवा.’ स्प्रिंग लीक होत नाही, हे खरं. पण डब्ल्यू २२० कंपनीतून साध्या कॉइल स्प्रिंगवर कधी आलीच नाही. एअरमॅटिक स्टँडर्ड, एबीसी ऑप्शन. म्हणजे किटमधल्या स्प्रिंगच्या कडकपणाला कंपनीचं कुठलंच माप नाही. डिकीत चार बॅगा टाकल्या की मागची बाजू झुकते, डॅशबोर्डवरचा इशारा दाबायला वायरिंगमध्ये जुगाड करावा लागतो, आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत किंवा पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात बटण दाबून गाडी उचलायची सोय जाते. जी गाडी घेतलीच त्या चालीसाठी, तिची चालच काढून कशाला टाकायची?

‘कुठलाही मेकॅनिक बसवेल.’ नवे स्ट्रट खरं तर इथेच मरतात. चाकं हवेत असतानाच स्ट्रटमध्ये हवा भरायची. रिकाम्या स्ट्रटवर गाडीचं वजन टाकलं की फुगा चुकीच्या जागी दुमडतो आणि पहिल्याच दिवशी चिमटतो. म्हणूनच बसलेली गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, फ्लॅटबेडवर टाका. लोअर आर्मचे रबरी बुशवाले बोल्ट गाडी चालीच्या उंचीवर आल्यावरच शेवटचे आवळा. लटकत्या चाकावर आवळले तर बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हवा भरणाऱ्या कंप्रेसरचा रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच) त्याच वेळी नवा टाका. जुना चिकटला तर कंप्रेसर बंदच होत नाही आणि जळतो. शेवटी स्टार मशीनवर (मर्सिडीजच्या तपासणीचा कॉम्प्युटर) लेव्हल कॅलिब्रेशन, मग अलाइनमेंट. क्रम उलटा नको.

त्या रात्री टेपने चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवा. सकाळी आकडे जवळपास तेच हवेत. एकच कोपरा उतरला असेल, तर स्ट्रटवाल्याशी भांडण्याआधी वरच्या फिटिंगवर पुन्हा साबणाचं पाणी मारा.