मेगापिक्सेल मोजा, बाकी देव पाहून घेईल

मॅन्युअल, म्हणजे सगळी सेटिंग्ज स्वतः ठरवून केलेली फोटोग्राफी शिकायचीय, खिशात पैसे बेताचे, म्हणून जुना कॅमेरा? उत्तम. आधी मेगापिक्सेल मोजा. कॅननचा ६००डी २०११चा, फक्त १८ मेगापिक्सेल; तुमच्या मोबाइलवर ५० लिहिलंय. बाद! या ६००डीला बाहेरचा माइक जोडता येतो, स्क्रीन फिरते, व्हिडिओतही शटर-अ‍ॅपर्चर-आयएसओ, म्हणजे उजेड किती वेळ, किती मोठ्या भोकातून घ्यायचा आणि चित्र किती उजळ करायचं, हे आपल्या हातात राहतं. पण हे सोसायटीच्या ग्रुपवर सांगून कोण भाव देणार?

मुंबईत असलात तरी कॅमेऱ्यांच्या बोरा बाजारात जाऊ नका. तिथे दोन-चार बॉड्या (लेन्सशिवायचे कॅमेरे) हाताळून पाहाव्या लागतात, उगाच डोक्याला ताप. त्यापेक्षा मोबाइलवरची जाहिरात बरी. विकणारा म्हणेल, "सिंगल हँड यूज आहे सर, लग्नाला कधी नेलाच नाही." मान डोलवा. अंगठ्याखालचं रबर गुळगुळीत झालेलं असेल, ग्रिपच्या फटीत हळद बसलेली असेल. असू दे, त्यांच्याकडे हळदीकुंकू झालं असेल! शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, तर विचारूच नका. या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण लाखभर फोटोंच्या हिशेबाने बनवतात आणि एकेका लग्नात हजार-दोन हजार सहज उडतात. हा हिशेब मांडलात तर सौदा मोडायचा.

लेन्सवर टॉर्च मारून आत बघणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास. कोकणातले चार पावसाळे बॅगेत काढलेल्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं असणारच; शिवाय ती 'फ्री' मिळतेय. अ‍ॅपर्चर एफ/२२ला, म्हणजे अगदी बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरची धूळ ठिपक्याठिपक्यांनी दिसते, म्हणून भिंतीकडे पाठ करूनच उभे राहा.

निकॉनचा डी३२०० मिळाला तर मात्र जपून. २४ मेगापिक्सेल आहेत खरे, पण बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर स्वतःची मोटर नसलेली जुनी ५० एमएम १.८डी लेन्स लावलीत तर फोकस हाताने करावा लागतो. अशाने चुकून मॅन्युअल शिकाल.

व्हिडिओ ट्यूबलाइटखालीच काढा, शटर १/१२५ सेकंदाला ठेवून. चित्रात पट्टे सरकायला लागले की कॅमेऱ्याला शिव्या घाला. आपली वीज ५० हर्ट्झची, सेकंदाला २५ फ्रेम ठेवून शटर १/५० केलं की पट्टे जातात. पण त्यासाठी मेनू उघडावा लागतो. आणि डायल कधी एमवर (मॅन्युअलवर) गेलीच, फोटो काळाकुट्ट आला, तर दोष लेन्सचा. नवी बघायला लागा.